काळी पाच अडकली आणि मालकंस निघाला

पावसाळ्यात आमच्याकडे पेटीचे, म्हणजे हार्मोनियमचे, हाल कुत्रा खात नाही. देवगडची खाडी वाडीपासून हाकेच्या अंतरावर, त्यात झड लागली की चार-चार दिवस हटत नाही. लाकूड फुगतं, भात्याला कुबट वास येतो आणि एखादी पट्टी दाबली की वर यायचं नाव घेत नाही. गेल्या वर्षी गणपतीच्या तोंडावर भजन मंडळाची पेटी माळ्यावरून खाली काढली, तर काळी पाच खाली बसलेली. भाता हलवला रे हलवला की ती आपली एकसुरी ऊंऽऽ करत राहायची.

डोंबिवलीहून आलेल्या भाचीने पेटीचा ताबा घेतला. पोर आठवीत, पेटी शिकलेली नाही. पांढऱ्या पट्ट्यांवर हात टाकला की कुठेतरी खडा लागायचा, म्हणून तिने नुसत्या काळ्या पट्ट्या खाली-वर दाबायला सुरुवात केली. पाचेक मिनिटं झाली असतील. पडवीत भाऊकाका सुपारी कातरत बसले होते. उमेदीची सगळी वर्षं बुवा म्हणून गायलेला माणूस. तिथूनच ओरडले, "मालकंस कोण वाजवता रे?"

न शिकता आपल्या हातून राग निघाला म्हटल्यावर पोरीला आभाळ ठेंगणं झालं. दुसऱ्या दिवशी मी पेटी उघडून अडकलेल्या पट्टीची कड पॉलिश पेपरने घासली, पट्टी मोकळी झाली. संध्याकाळी बाईसाहेब पुन्हा बसल्या, आपला मालकंस आजोबांना ऐकवायला. त्याच पाच काळ्या पट्ट्या. काकांनी अडकित्ता खाली ठेवला, थोडं ऐकलं आणि म्हणाले, "हो मालकंस न्हय. हो भूप."

"मामा, मी काहीच बदललं नाहीये!" ती माझ्यावरच चिडली.

तिचं बरोबर होतं, आणि काकांचंही. तिला समजावताना माझी स्वतःची बरीच जळमटं निघाली, म्हणून ते सगळं इथे लिहितोय. शक्य असेल तर शेजारी पेटी घेऊन वाचा. मोबाइलवरचा कीबोर्डही चालेल.

आधी पट्ट्यांची नावं. पेटीवर काळ्या पट्ट्या दोनाच्या आणि तिनाच्या घोळक्याने बसवलेल्या असतात. दोनाच्या घोळक्यातली पहिली ती काळी एक, दुसरी काळी दोन. मग तिनाच्या घोळक्यातल्या काळी तीन, चार, पाच. दोनाच्या घोळक्याच्या लगेच डावीकडे जी पांढरी, ती पांढरी एक. तिथून उजवीकडे पांढरी सातपर्यंत मोजायचं. सात पांढऱ्या आणि पाच काळ्या मिळून बारा घरं झाली की पुन्हा तोच सूर वरच्या आवाजात भेटतो. त्या एका फेरीला सप्तक म्हणतात.

आता घोळाचं मूळ. आपल्याकडे "बुवांची स्केल काय?" असं विचारतात आणि उत्तर येतं, "काळी चार". ही खरं तर पट्टी झाली, म्हणजे बुवा आपला सा कुठे धरतात त्याचं उत्तर. कोणते स्वर घेतात याचा त्यात पत्ताच नाही. काळी चारमध्ये भूपही गाता येतो, भैरवीही. पुस्तकात स्केल म्हणतात ती स्वरांची शिडी वेगळी, आणि राग ही त्याहून पुढची गोष्ट. भजनाच्या फडात तिन्हींना एकच शब्द वापरतात आणि नवा मुलगा चक्रावतो. बाजारात 'स्केल चेंजर' पेटी मिळते, तिनेही हा गोंधळ वाढवलाय. ती पेटी फक्त पट्ट्यांचा सगळा पाट डावी-उजवीकडे सरकवते, म्हणजे बोटं त्याच जागी ठेवून सा उंच-खाली करता येतो. राग जिथल्या तिथेच राहतो.

सा हा कुठलाही ठरलेला सूर नाही. जिथून मोजायला लागलो तो सा. मुंबईहून मोजलं तर देवगड दक्षिणेला आणि पणजीहून मोजलं तर उत्तरेला, तसंच. बाकीच्या प्रत्येक स्वराला नाव मिळतं ते त्या सापासून तो किती घरं लांब आहे यावरून. एक घर लांब तो कोमल रे, दोन घरं लांब शुद्ध रे, तीन कोमल ग, चार शुद्ध ग, पाच शुद्ध म, सहा तीव्र म, सात प, आठ कोमल ध, नऊ शुद्ध ध, दहा कोमल नि, अकरा शुद्ध नि, आणि बाराव्या घरात वरचा सा. सा आणि प यांना कोमल-तीव्र रूप नाही, ते अचल.

पहिल्या दिवशी अडकलेली काळी पाच अखंड वाजत होती. कान अखंड वाजणाऱ्या सुरालाच आपलं घर, म्हणजे सा, मानतो. तानपुरा त्यासाठीच तर छेडतात. तेव्हा त्या दिवशी काळी पाच झाली सा. तिथून काळी एक तीन घरं लांब, म्हणजे कोमल ग. काळी दोन पाच घरं, म्हणजे म. काळी तीन आठ, कोमल ध. काळी चार दहा, कोमल नि. सा, कोमल ग, म, कोमल ध, कोमल नि हाच मालकंस. रे आणि प त्यात नाहीतच. पोरीला ते वगळावे लागले नाहीत, काळ्या पट्ट्यांत ते मुळी सापडतच नाहीत.

दुसऱ्या दिवशी पट्टी मोकळी, घर दाखवणारं कुणी नाही. तिचा हात मात्र परत परत काळी तीनवर येऊन विसावत होता. त्यामुळे कानाने काळी तीनला सा मानलं. तिथून काळी चार दोन घरं, रे. काळी पाच चार घरं, ग. काळी एक सात घरं, प. काळी दोन नऊ घरं, ध. सा रे ग प ध. झाला भूप.

उरलेल्या तीन पट्ट्यांनाही एकेक करून घर करून पाहिलं. पट्टी आणि लाकडाच्या फटीत कागदाची घडी खोचली की ती दाबलेली राहते. पावसाळ्याने जे फुकटात करून दिलं ते मुद्दाम करायचं, एवढंच. काळी एकला सा केलं की सा रे म प ध, दुर्गा. काळी दोनला केलं की सा, कोमल ग, म, प, कोमल नि, म्हणजे धानी. काळी चारला केलं की सा रे म प आणि कोमल नि, मेघ आणि मधमाद सारंग याच स्वरांचे. पाच पट्ट्या, पाच घरं, निदान पाच राग. या युक्तीला मूर्च्छना म्हणतात. शब्द भारदस्त आहे, करायचं मात्र इतकंच की स्वर तेच ठेवून सा हलवायचा.

भाचीला हे इतकं आवडलं की जेवायला हाका मारून घसा बसला. मग तिचा साहजिक प्रश्न, "आणि पांढऱ्या?"

पांढऱ्या सात आहेत. आमच्या घराकडून देवळाकडे उतरणारी जांभ्याची पाखाडी तिला दाखवली. पायऱ्या सात, पण सारख्या नाहीत. कुठे उंच, कुठे बसकी. रात्री बॅटरी नसली तरी आम्ही धडधडत उतरतो, कारण कुठली पायरी बसकी आहे ते पायाला ठाऊक असतं. पांढऱ्या पट्ट्यांचंही तसंच. पांढरी एकपासून चढलात तर घरांचा हिशोब येतो २-२-१-२-२-२-१, बेरीज बारा. तिसऱ्या आणि सातव्या ठिकाणची उडी बसकी. हा सगळा शुद्ध स्वरांचा मेळ, बिलावल थाट. आता चढायला पांढरी दोनपासून सुरुवात करा. पट्ट्या त्याच, पण बसक्या पायऱ्या आता वेगळ्या ठिकाणी आल्या. ग आणि नि कोमल झाले, हा काफी. पांढरी तीनपासून रे, ग, ध, नि चारही कोमल, भैरवी. पांढरी चारपासून म तीव्र, कल्याण. पाचपासून फक्त नि कोमल, खमाज. सहापासून ग, ध, नि कोमल, आसावरी. सातपासून मात्र गाडं अडतं. तिथून सात घरांवर पांढरी पट्टीच नाही, म्हणजे पंचम (प) गायब, आणि दोन्ही मध्यम (म) शेजारी शेजारी येऊन बसतात. हा मेळ आपल्या थाटांत बसत नाही.

थाट म्हणजे अशी सात स्वरांची ओळीने मांडलेली पाखाडी. रे, ग, म, ध, नि या पाचांची प्रत्येकी दोन रूपं; प्रत्येकातलं एकेकच घ्यायचं ठरवलं तर पाच वेळा दोन गुणून ३२ मेळ होतात. दक्षिणेत व्यंकटमखी या संगीतशास्त्रकारांनी सतराव्या शतकात जरा वेगळ्या नियमांनी ७२ मांडले होते. विष्णु नारायण भातखंडे (१८६०-१९३६) हे मुंबईचे, पेशाने वकील. त्यांनी देशभर हिंडून घराण्यांकडच्या चिजा जमवल्या, त्या लिहून ठेवायची पद्धत बसवली आणि प्रचारातले राग दहा थाटांत वाटून दिले. यावरचा त्यांचा मोठा ग्रंथ मराठीत, गुरुशिष्यांच्या प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. आपल्या भाषेत असं घबाड असून आपण ते उघडत नाही, ही माझी जुनी चिडचिड.

दहांपैकी सहा थाट पांढऱ्या पट्ट्यांनी दिले. राहिले भैरव, पूर्वी, मारवा आणि तोडी. ते पांढऱ्यांतून कधीच निघणार नाहीत, कितीही सा हलवा. पांढऱ्यांत उडी एका घराची किंवा दोनाची. या चौघांत कुठेतरी तीन घरांची उडी आहे. भैरवात कोमल रे वरून शुद्ध ग वर जाताना तीन घरं ओलांडावी लागतात, कोमल ध वरून शुद्ध नि वर जातानाही. तोडीत ती उडी कोमल ग आणि तीव्र म यांच्यामध्ये येते, आणि पुन्हा ध-नि मध्ये. हे चार थाट ऐकताना पोटात खड्डा पडल्यासारखं का होतं, याचं थोडं उत्तर मला या तीन घरांच्या उडीत सापडतं. पाखाडीची एक पायरी निसटलेली असावी आणि पाय अंधारात खाली खाली जावा, तसं.

इथपर्यंत सगळं गणित. हिशोब जमला की माणसाला वाटतं, राग समजला. मलाही वर्षानुवर्षं तसंच वाटायचं. आरोह-अवरोह पाठ, कोमल-तीव्र पाठ, झालं की! एकदा बारीत, म्हणजे दोन मंडळांच्या भजनाच्या सामन्यात, मी भूप म्हणून आलाप सुरू केला आणि समोरच्या मंडळातला पखवाजवाला नुसता हसला. भजन संपल्यावर त्याने कानात सांगितलं, "बुवानू, सकाळ झाली काय?"

भूप आणि देशकार या दोघांत स्वर अगदी तेच पाच आहेत, सा रे ग प ध. सा सुद्धा तोच, हलवलेला नाही. तरी भूप रात्रीच्या पहिल्या प्रहरातला आणि देशकार सकाळचा, आणि ऐकणारा क्षणात ओळखतो. फरक मुक्कामाचा आहे. भूपाचा जीव गंधारात, म्हणजे ग मध्ये. फिरून फिरून तिथे यायचं. खालचा ध, सा, रे, ग, मग प ग, ध प ग, रे ग, रे, सा. ध वर जायचं, पण तिथे बूड टेकायचं नाही, लगेच प वरून ग कडे उतरायचं. देशकारात सगळा ओढा धैवताकडे, म्हणजे ध कडे. ग प ध, ध, प, वरचा सा, ध, प. तिथेच ठाण मांडायचं आणि वरच्या अंगाला खेळत राहायचं. रे ला फारसं विचारायचंही नाही, उतरताना ग वरून सा कडे येताना जेमतेम शिवायचं. माझं काय झालं होतं, तर उंच पट्टीत आवाज छान लागला म्हणून मी ध वर रेंगाळलो होतो.

असा जो मुख्य स्वर त्याला वादी म्हणतात. भूपात वादी ग, आणि त्याचा जोडीदार, संवादी, ध. देशकारात हीच जोडी उलटी. हे दोघेच जोडीदार का? ग पासून ध पाच घरं लांब, म्हणजे सापासून म जितका लांब तितकाच. सा सेकंदाला २४० कंपनांचा धरला तर ग ३०० आणि ध ४००; तीनास चार हे साधं नातं. कान असली सोपी नाती लगेच धरतो.

मराठीत गाण्याच्या सुरावटीला आपण चाल म्हणतो आणि माणसाच्या चालण्यालाही चालच. रागाच्या बाबतीत दोन्ही अर्थ एकदम लागू पडतात, जाणकार त्याला चलन म्हणतात. पाखाडी एकच, पण खालच्या बांदावरून येणारा माणूस नुसत्या पावलांच्या आवाजावरून कोण ते कळतो की नाही? गुडघा दुखणारा प्रत्येक तिसऱ्या पायरीला थांबतो, शाळेतली पोरं दोन-दोन पायऱ्या गाळतात.

मारव्याचं कुटुंब याहून कठीण. कोमल रे, ग, तीव्र म, ध, नि, पंचम नाही. याच स्वरांत मारवा, पूरिया आणि सोहनी असे तीन राग उभे आहेत. मारव्यात रे आणि ध यांच्यावर भर, आणि सा बराच वेळ टाळत राहायचं. घर समोर दिसतंय पण आत जायचं नाही, असली घालमेल. पूरिया ग-नि वर टेकतो आणि खालच्या सप्तकात, खर्जात रमतो. सोहनी वरच्या सा भोवतीच घिरट्या घालते, खाली फारशी उतरत नाही. सूर्य समुद्राला टेकतो त्या वेळी देवगडच्या किल्ल्यावरून पश्चिमेकडे पाहत मनात मारवा आळवावा. नारायण बुडाला तरी उजेड मागे रेंगाळतो, तो सा टाळणंच आहे. हे माझं वेड, शास्त्रात नाही. शास्त्र एवढंच सांगतं की कोमल रे आणि शुद्ध ग एकत्र आले की राग बहुधा संधिप्रकाशाचा, दिवस उगवतानाचा किंवा मावळतानाचा.

आता थाटांची पंचाईतही ऐका. भूपात म नाही आणि नि नाही. तीव्र की शुद्ध, कोमल की शुद्ध, हे ठरवायला स्वरच नाहीत, तर तो कुठल्या थाटातला? नुसत्या हिशोबाने कल्याणातही बसतो, बिलावलातही. भातखंड्यांनी भूप कल्याणात ठेवला आणि देशकार बिलावलात, दोघांची चाल ऐकून. म्हणजे थाट हे फडताळ आहे. सामान लावायला सोयीचं. पण एखादी वस्तू कुठल्या खणात ठेवली यावरून तिची चव कळत नाही. भैरवीचं तर आणखी निराळं. थाट म्हणून चार कोमल, आणि प्रत्यक्ष भैरवी रंगली की गायक बाराही स्वर खेळवून जातो. कोकणपट्टीच्या खालच्या टोकाला, गोव्यातल्या केरी गावी जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीतून अंतराळात गेली. आमच्या गावात भैरवी सुरू झाली की लोक चपला शोधायला लागतात, कारण बैठक संपली.

पेटीचं एक मात्र कबूल केलं पाहिजे. तिची बारा घरं मोजूनमापून सारख्या अंतरावर लावलेली असतात. त्यामुळे सा २४० असताना ग हवा ३०० वर, पेटी देते साधारण ३०२.४. तानपुऱ्यासमोर तो ग किंचित चढा लागतो, आणि नीट ऐकलं तर थरथर जाणवते. शिवाय एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड तिला येत नाही, आणि भैरवातले कोमल रे-ध जे हलकेच झुलवायचे असतात ते झुलत नाहीत. या आणि असल्या कारणांवरून १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला दार बंद केलं, ते किलकिलं व्हायला १९७१ उजाडलं. भजनात कुणी ऐकलं नाही. पखवाज, झांज आणि तीस माणसांचा कोरस यांच्यात टिकेल असं दुसरं वाद्य आमच्या ऐपतीत कुठलं होतं?

सुट्टी संपेपर्यंत भाची भूप बऱ्यापैकी वाजवायला लागली. जायच्या आदल्या संध्याकाळी काळी तीनमध्ये कागद खोचून बसली होती. ग वर येत होती, प ला शिवत होती, उतरत होती. मग हात जरा वर गेला, काळी दोनवरचा ध गोड लागला आणि तिने तो धरून ठेवला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा.

पडवीतून अडकित्त्याचा आवाज थांबला.

"अगो बाय, धैवतार थांबलंस तर देशकार होता. आत्ता दिवेलागण झाली मा?"